मुंग्या कुठे येतात आणि किती वेळात वाढतात: कारण शोधण्याची रीत

दशावतार बघायला रात्रभर मांडी घालून बसलं की पहाटे उठताना पाय आपला वाटत नाही. आधी बधिर, मग झिणझिण, मग सुया टोचल्यासारखं, आणि दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत. दबलेली नस मोकळी झाल्याची ती खूण. तिची काळजी करायचं कारण नाही. पण बसण्या-उठण्याशी संबंध नसताना येणाऱ्या, मध्यरात्री झोपेतून उठवणाऱ्या किंवा आठवडे उलटले तरी न जाणाऱ्या मुंग्यांचं मूळ शोधावंच लागतं.

"रक्त पोचत नाही म्हणून मुंग्या येतात" असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा बिघाड रक्तवाहिनीत नसतो, मज्जातंतूत, म्हणजे नसेत असतो. हे तंतू म्हणजे आगरातले पाट समजा. एकाच पोफळीच्या आळ्यात पाणी नसेल तर तिच्याकडे जाणारा पाट कुठेतरी तुंबलाय. टोकाच्या सगळ्या ओळी सुकत असतील तर पाणीच कमी पडतंय. आणि आगराची एक अख्खी बाजू एकाएकी कोरडी पडली तर मुख्य पाटच फुटलाय. मुंग्यांचंही तसंच. म्हणून दोन प्रश्न सगळ्यात मोलाचे: नेमक्या कुठे, आणि किती वेळात.

थेट रुग्णालय गाठायचे प्रसंग

एका बाजूचा चेहरा, हात किंवा पाय एकाएकी बधिर झाला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना किंवा भलतेच यायला लागले, तर तो पक्षाघाताचा झटका समजा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावाच लागतो. त्यामुळे रुग्णालय निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? घाट चढून कोल्हापूर गाठण्यात वेळ घालवण्याआधी वाटेत ही सोय आहे का ते बघा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. पाणी, गोळी, ॲस्पिरिन, काहीही तोंडाने देऊ नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. पंधरा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी त्याच दिवशी दाखवा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

दुसरा प्रसंग जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावरचा. एक ते चार आठवड्यांनी दोन्ही पावलांत मुंग्या सुरू होतात, कंबर-पाठ दुखते, आणि दोन-चार दिवसांत जिना चढणं, उकिडवं बसून उठणं जमेनासं होतं. हा गिलन-बारे सिंड्रोम असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याची मोठी साथ आली तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की जुलाब कोकणालाही नवे नाहीत. यात मुंग्यांपेक्षा कमजोरीवर लक्ष ठेवा. एक दम घेऊन मोठ्याने आकडे मोजायला सांगा. वीसपर्यंतही जाता येत नसेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत आणि अतिदक्षता विभाग हवा. पहिल्या आठवड्यात नसांची तपासणी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी थांबू नका.

तिसरा: मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा, सोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला जातोय. इथे एक-दोन दिवसांचा उशीरही लघवीवरचा ताबा कायमचा घालवू शकतो. आणि माडावरून किंवा पोफळीवरून पडलेल्या माणसाला हातापायांत मुंग्या येत असतील तर त्याला बसवू नका, काखेत धरून उचलू नका. मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर सपाट न्या.

चौथा प्रसंग किनाऱ्यावरच्यांनी ध्यानात ठेवावा असा. मासे किंवा शिंपले खाल्ल्यावर ओठ-जीभ झिणझिणायला लागली, मग बोटं बधिर झाली, तर ती ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नका. केंड माशाचं विष दहा मिनिटांपासून काही तासांत ओठांपासून सुरुवात करतं आणि श्वास बंद पाडू शकतं. शिंपल्यांत समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष साठलं तरी लक्षणं अशीच. १९८३ मध्ये मंगळूरजवळ शिंपल्यांमुळे अशी विषबाधा झाली होती. दोन्ही विषं उकळून, तळून जात नाहीत. त्यांच्यावर उतारा नाही, पण वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. समुद्राचं पाणी लालसर किंवा हिरवट होऊन मासे मरून पडले असतील त्या दिवसांत तिथल्या तिसऱ्या आणि कालवं काढू नका.

कागदावर नकाशा

यातलं काही नसेल तर निवांत बसा, कागद घ्या आणि माणसाची आकृती पुढून आणि मागून अशी दोनदा काढा. मुंग्या येतात तो भाग पेनाने रेघांनी भरा, बधिर भाग वेगळ्या रंगाने. बोटांच्या बाबतीत काटेकोर राहा. "हात बधिर होतो" यातून काहीच कळत नाही. "अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिकेची फक्त अंगठ्याकडची बाजू" एवढं लिहिलं की अर्धं निदान झालं.

मग कडा तपासा. समईची वात किंवा कापसाचा पीळ घेऊन त्वचेवर हलकेच टेकवत बऱ्या भागाकडून बधिर भागाकडे जा, स्पर्श बदलतो तिथे खूण करा. फ्रीजमधला स्टीलचा चमचा टेकवून थंडावा कुठे कमी जाणवतो तेही बघा. सुई, टाचणी वापरू नका. बधिर कातडीला झालेली जखम कळत नाही आणि चिघळते.

नकाशाशेजारी लिहा: कधीपासून, दिवसा की रात्री, काय केल्याने वाढतात, काय केल्याने जातात, आणि चालू असलेली सगळी औषधं. "सगळी" म्हणजे पित्ताची गोळी, वैदूचं चूर्ण आणि दुकानातून आणलेल्या ताकदीच्या कॅप्सूलसुद्धा.

हाताच्या मुंग्या

सर्वांत जास्त आढळणारा नकाशा वर सांगितला तोच. अंगठ्याकडची साडेतीन बोटं, रात्री दोन-तीन वाजता जाग, उठून हात झटकला की बरं. मनगटाच्या बोगद्यातून बोटं हलवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की नस चेपते. दिवसभर कोळंबी सोलणारे, जाळी विणणारे, काजू फोडणारे, विळीवर नारळ खवणणारे यांच्यात हे जास्त दिसतं. गरोदरपण, थायरॉइड कमी असणं आणि मधुमेह यांतही होतं. तपासायचं असेल तर दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून मनगटं पूर्ण वाकवा आणि साठ सेकंद थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का.

उपाय आधी साधा करायचा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रोज रात्री, निदान सहा आठवडे. इथे दोन चुका होतात. पट्टा मनगट मागे वाकवणारा निघतो, आणि तशाने बोगद्यातला दाब उलट वाढतो. किंवा माणूस तो दिवसा कामाच्या वेळी घालतो आणि रात्री काढून ठेवतो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट व्हायला लागला, बटण लावता येईना, तर मात्र पट्ट्यावर वेळ घालवू नका, शल्यचिकित्सकाला दाखवा.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर नस कोपराजवळ चेपली आहे. कोपर टेकवून बसणं आणि कोपर घट्ट दुमडून झोपणं ही नेहमीची कारणं. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळला की ते पूर्ण दुमडत नाही.

मुंग्या मानेपासून दंडावरून खाली उतरत असतील, मान एका बाजूला वळवल्यावर वाढत असतील तर नस मणक्यापाशी दबली आहे. आणि मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेचा झटका खाली गेला, हात अवघडल्यासारखे झाले, चालताना पाय ताठ पडायला लागले, तर खुद्द मज्जारज्जूवर काहीतरी चाललंय. तिथे मालिश आणि मान कडाकडा मोडणं पूर्ण बंद, आधी एमआरआय.

गवत कापायचं मशीन आणि चिऱ्याच्या खाणीतली कटाई वेगळी. तिथली कंपनं बोटांच्या टोकांच्या नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतात. काम थांबवून वीस मिनिटं झाली तरी बोटं झिणझिणत असतील, बर्फाला हात लावल्यावर पांढरी पडत असतील, तर कामाची पाळी तोडून आखा आणि मूठ सैल धरा.

पायांच्या मुंग्या

एकाच पायाच्या बाहेरच्या बाजूला, नडगीपासून पावलाच्या पाठीपर्यंत मुंग्या आणि चप्पल पायातून निसटणं: बेणणीला, म्हणजे तण काढायला, तासन्‌तास उकिडवं बसल्यावर हे दिसतं. गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याला वळसा घालून जाणारी नस चेपते. टाचांवर दहा पावलं चालून बघा. पाऊल उचलत नसेल तर आठवड्याच्या आत दाखवा, आणि तोवर उकिडवं बसणं, पायावर पाय टाकून बसणं दोन्ही वर्ज्य. फक्त मांडीची बाहेरची बाजू जळत असेल, पायात ताकद पूर्ण असेल, तर बहुधा कमरेचा घट्ट पट्टा किंवा वाढलेलं पोट कारणीभूत असतं.

दोन्ही पावलं सारखी, बोटांपासून सुरू, हळूहळू मोज्यासारखी वर चढणारी, रात्री अंथरुणात आग होणारी: इथे पाणीच कमी पडतंय, म्हणून टोकाची ओळ आधी सुकली. मधुमेह हे पहिलं नाव. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ या मधल्या पट्ट्यातही पाय झिणझिणू शकतात. साखर खूप वाढलेली असेल तर ती एकदम खाली खेचणंही बरं नाही. तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन टक्क्यांहून जास्त घसरला तर नसांची आग उलट उफाळू शकते, आणि मग "औषधाने त्रास झाला" म्हणून माणूस गोळ्याच सोडून देतो.

मधुमेह असलेल्यांच्या घरी दर महिन्याला एक सोपी चाचणी करा. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, पुन्हा करून बघायचं नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे. अशा पायाने तापलेल्या कातळावर, वाळूत अनवाणी जायचं नाही. पाय शेकायचा नाही. आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं. पावसात चिखल्या झाल्या की बोटांच्या बेचक्या कोरड्या करून औषध लावायचं. रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे.

दारू हे दुसरं कारण, आणि ते विचारल्याशिवाय सांगितलं जात नाही. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड हे तिसरं. त्यासोबत दिलेली बी६ची छोटी गोळी टाळू नका. उलट तीच बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतली तर तीही नसा बिघडवते. ताकदीच्या दोन-तीन वेगवेगळ्या कॅप्सूल एकत्र घेणाऱ्यांनी डब्यांवरचे आकडे बेरजेने मोजावेत.

बी१२, आणि मासे खाणाऱ्यांचा गैरसमज

"आम्ही मासे खातो, आम्हाला बी१२ कसं कमी पडेल?" हे कोकणात वरचेवर ऐकू येतं. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत ते भरपूर असतं, हे खरं. पण पोटात गेलेलं बी१२ रक्तात उतरायला जठरातलं आम्ल आणि तिथलंच एक प्रथिन लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोजची झाली असेल, वय साठीपुढचं असेल, तर ताटात मासा असूनही नसा उपाशी राहू शकतात. शाकाहारी घरांत तर धोका सरळच आहे.

लक्षणं पावलांत सुरू होतात, पण हातही लवकर येतात. तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जाणं ही खास खूण. अंधारात पडवीतून जाताना भिंत धरावी लागते. जीभ गुळगुळीत लाल होते, विसरायला होतं.

इथे घडणारी सगळ्यात मोठी चूक अशी: मुंग्या म्हटल्याबरोबर ते लाल इंजेक्शन टोचलं जातं आणि रक्त नंतर तपासलं जातं. मग रिपोर्टमध्ये बी१२ भरपूर दिसतं आणि खरं कारण कधीच कळत नाही. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. २०० पिकोग्रॅमखाली म्हणजे कमी. २०० ते ३०० असेल आणि लक्षणं जुळत असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासावं लागतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी१२ बरं असेल, असंही धरू नका. दुसरी चूक म्हणजे नुसतं फॉलिक ॲसिड घेणं. त्याने रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. आणि तिसरी, चार इंजेक्शनांनंतर बरं वाटलं की थांबणं. शरीरच शोषून घेत नसेल तर १००० मायक्रोग्रॅमची मात्रा ठरावीक अंतराने चालू ठेवावी लागते.

चट्टा असेल तर

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला खाज नाही, त्यावर घाम येत नाही, वात फिरवली तर कळत नाही. किंवा कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते: कुष्ठरोग तपासून घ्या. लाज बाळगून महिने दवडू नयेत, कारण वेळेत औषध मिळालं तर नसा वाचतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं मोफत मिळतात, कोर्स प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा. उपचार चालू असताना नस अचानक दुखरी झाली, बोटं वाकू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. तेव्हा दाह उतरवणारं औषध लगेच लागतं.

छातीवर किंवा पाठीवर एकाच बाजूला पट्ट्यासारखी झिणझिण आणि दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड आले तर ती नागीण. विषाणूरोधक गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उपयोग जास्त. गेरूचा लेप लावून मंत्र म्हणवून घेण्यात हेच तीन दिवस जातात.

आंब्याची फवारणी

मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी फवारणी करून आल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत गाल, कपाळ, ओठांभोवती जळजळ-झिणझिण सुरू होते. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन या गटातली कीटकनाशकं त्वचेतल्या नसांची टोकं चाळवतात. ऊन, घाम आणि गरम पाणी यांनी ती जळजळ वाढते, म्हणून थंड पाणी आणि साबण. सहसा २४ तासांत जाते. हातमोजे घातलेल्याच हाताने तोंडावरचा घाम पुसणं हे तिचं नेहमीचं कारण.

ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या औषधांचं वेगळं. लाळ गळणं, डोळ्यांतून पाणी, बारीक बाहुल्या, उलट्या, स्नायू फडफडणं ही तातडीची विषबाधा. बाटलीचं लेबल सोबत घेऊन रुग्णालयात जा. त्यातून बरं झाल्यावरही एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत पेटके आणि पावलांत मुंग्या सुरू होऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांना आधीची विषबाधा आठवणीने सांगा.

येऊन जाणाऱ्या मुंग्या

इथे घड्याळ लागतं. बोटांपासून सुरू होऊन पाच ते वीस मिनिटांत हळूहळू कोपर, गाल, जीभ असं सरकत गेलं आणि मागून डोकं दुखायला लागलं तर बहुधा अर्धशिशी. तेच सरकणं काही सेकंदांत झालं आणि एक-दोन मिनिटांत संपलं, दर वेळी अगदी तसंच, तर फिटचा प्रकार असू शकतो. क्षणात एक बाजू गेली तर पक्षाघात. ओठांभोवती आणि दोन्ही हातांत एकदम, छातीत धडधड आणि भरभर श्वास, तर घाबरल्यामुळे. पण हाच नकाशा रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्यावरही दिसतो, म्हणून "मनाचं आहे" म्हणून हसण्यावारी नेण्याआधी ते तपासावं.

डॉक्टरांकडे

दोन्ही पायांच्या मुंग्यांसाठी पहिली फेरी अशी मागा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशी साखर आणि एचबीएवनसी, बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही ही तपासणी जाड तंतूंची. फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर ती नॉर्मल येते आणि तरी आग खरी असते. सरसकट एमआरआय करू नका. चाळिशीनंतर मणक्याची थोडीफार झीज बहुतेकांच्या फिल्ममध्ये दिसते, आणि पावलांच्या आगीचा दोष मग तिच्या माथी मारला जातो. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं तर, सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळी असो की रत्नागिरीतून कोल्हापूर, नकाशाचा कागद आणि सगळे जुने रिपोर्ट एकाच पिशवीत न्या.

प्रीगाबॅलिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन या गोळ्या आग शमवतात, नस दुरुस्त करत नाहीत. पहिले काही दिवस गुंगी येते: त्या काळात माडावर चढू नका, होडी एकट्याने काढू नका, रात्री गाडी चालवू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रीगाबॅलिन आणि गॅबापेंटिन यांची मात्रा कमी लागते. आणि कुठलीही एकदम बंद करायची नाही.

तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर त्या हिशेबाने मोजलं तर वर्षभराहून जास्त होतं. त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलण्याऐवजी दर महिन्याच्या एकाच तारखेला नवा नकाशा काढा आणि जुन्याशेजारी ठेवा. बधिर भागाची कड खाली सरकत असेल तर औषध चालू ठेवा. वर चढत असेल तर पुढच्या भेटीची तारीख अलीकडे घ्या.